चाळणीतून सुटणाऱ्या स्पॅमसाठी स्वतःचे नियम

स्पॅम अडवण्यासाठी स्वतः नियम लिहायला घेणारे बहुतेक जण एकाच ठिकाणाहून सुरुवात करतात. नकोशा मेलमधला डोळ्यांत भरणारा शब्द उचलायचा, हा शब्द आला की मेल काढून टाक असं फिल्टरला सांगायचं आणि निर्धास्त व्हायचं. आठवड्याभरात तोच मेल दुसऱ्या शब्दांत येऊन पडतो आणि यादीत आणखी एका शब्दाची भर पडते. पुढेपुढे ही यादी इतकी फुगते की कोणता शब्द कशासाठी घातला होता हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि दरम्यान दोन-चार खरे मेलही तिने गिळलेले असतात. इथे फिल्टरला दोष देण्यात अर्थ नाही. नियम कशाच्या आधारावर लिहिला, तिथेच गडबड असते. मजकुरातले शब्द बदलायला स्पॅमवाल्याला एक छदामही पडत नाही. काही गोष्टी मात्र बदलल्या तर त्याचा धंदाच बसतो. एक, आपण कोण आहोत असं तो भासवतो. आणि दुसरी, तुमचं उत्तर किंवा पैसा त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचणार. नियम या दोन गोष्टींवर, आणि शक्यतो त्यांच्यातल्या विसंगतीवर लिहावा, असं माझं म्हणणं आहे.

आधी हा खटाटोप कोणासाठी, ते पाहू. आपण ९९.९ टक्क्यांहून अधिक स्पॅम, फसवे आणि घातक मेल अडवतो, असं जीमेलबद्दल गूगल सांगतं. घरगुती वापरासाठी तेवढं पुरेसं आहे. पण पतसंस्था, शाळा, छोटा कारखाना, सीएचं कार्यालय यांचा मेल पुष्कळदा स्वतःच्या डोमेनवर आणि भाड्याच्या सर्व्हरवर असतो. तिथे सर्व्हर सांभाळायला बहुधा सी-पॅनेल हे नियंत्रण-पटल असतं आणि त्यामागे स्पॅमअसॅसिन. २००१ पासून वापरात असलेलं हे मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक मेलला शेकडो कसोट्या लावतं, प्रत्येक कसोटीचे गुण मोजतं आणि बेरीज ५ वर गेली की मेलवर स्पॅमचा शिक्का मारतं. लाखोंना एकसारखा गेलेला मेल त्यात सहज सापडतो. पण तुमच्या अध्यक्षांचं नाव घालून फक्त तुमच्या लेखापालाला धाडलेला, दोन ओळींचा, लिंक नसलेला मेल एखाद-दोन गुणांवर निसटतो, कारण जगात इतरत्र तो कोणी पाहिलेलाच नसतो. तो विचित्र आहे हे फक्त तुम्हाला कळतं. स्वतःच्या नियमाने एवढंच करायचं आहे: तुम्हाला असलेली ही स्थानिक माहिती सर्व्हरला द्यायची आणि अशा मेलचे गुण आणखी थोडे वाढवायचे.

शब्दांवरचे नियम का फसतात याचा पुरावा कोणत्याही सुटलेल्या मेलचं मूळ रूप उघडलं तर मिळतो. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' आणि थंडरबर्डमध्ये 'व्ह्यू सोर्स' केलं की ते दिसतं. पडद्यावर 'पेमेंट' असा इंग्रजी शब्द दिसत असला तरी त्यातला एखादा 'ए' सिरिलिक लिपीतला असू शकतो. डोळ्याला फरक कळत नाही, फिल्टरला मात्र तो वेगळाच शब्द वाटतो. अक्षरांच्या मध्ये शून्य रुंदीची अदृश्य चिन्हं पेरलेली असतात. कधी एचटीएमएलचे निरर्थक तुकडे घालून शब्द तोडलेला असतो, तर कधी सगळा मजकूरच चित्रात असतो. यावर काही मार्गदर्शक सुचवतात की मग अदृश्य चिन्हांवरच नियम लिहा. इंग्रजी मेलपुरतं ते चालेल. मराठीत तो नियम अंगावर येईल. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतला अर्धा र लिहिण्यासाठी अनेक कीबोर्ड र, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचं जोडचिन्ह टाकतात. म्हणजे 'व्यापाऱ्यांची सभा' असं सरळ आमंत्रणसुद्धा या नियमाला भामट्याचं वाटेल. हाच घोटाळा विषयाच्या ओळीबाबत होतो. विषय बेस-६४ या संकेतरूपात गुंडाळलेला असणं ही संशयाची खूण मानणारे नियम फिरत असतात. पण देवनागरीतला विषय मेलमधून नेताना मेल-प्रोग्रॅम तो सर्रास असाच गुंडाळतात. बाहेरून उचललेला नियम आपल्या टपालावर तपासल्याशिवाय लावू नये, याला याहून वेगळं कारण द्यायची गरज नाही.

आता परतीच्या वाटेकडे वळू. 'मी तुमच्या कॅमेऱ्यातून चित्रीकरण केलं आहे, पैसे द्या नाहीतर सगळ्यांना पाठवीन' अशा धमकीच्या मेलची मोठी लाट २०१८ मध्ये जगभर आली; कुठल्यातरी जुन्या गळतीतून मिळालेला पासवर्ड दाखवून घाबरवण्याची युक्ती तेव्हाची. आजही तो मेल नवनव्या शब्दांत येतो. त्याची भाषा, सही, धमकीची मुदत, रक्कम सगळं बदलतं. बिटकॉइनचा पत्ता मात्र त्याला द्यावाच लागतो, आणि त्या पत्त्याला ठरावीक रूप असतं. जुन्या पद्धतीचा पत्ता १ किंवा ३ या अंकाने सुरू होतो, साधारण २६ ते ३५ अक्षरांचा असतो आणि त्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल ही गोंधळात टाकणारी अक्षरं कधीच नसतात. नव्या पद्धतीचा पत्ता 'बीसी१' ने सुरू होतो. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांच्या रचनेचं सूत्र, लिहिता येणाऱ्याला हे वर्णन एका ओळीत बसवता येतं. पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या टपालात बिटकॉइनचा पत्ता येण्याचं प्रामाणिक कारण जवळजवळ नसतं. तरी एवढ्यावर थांबू नये, कारण एखादा लांबलचक ट्रॅकिंग क्रमांकही योगायोगाने या साच्यात बसतो. त्याच्या जोडीला दुसरी अट घालावी: मेलमध्ये क्रिप्टोचं किंवा पासवर्डचं नाव निघालं आहे, किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तुमचाच पत्ता दाखवला आहे. शब्द पूर्ण टाकाऊ नसतात. एकट्याने साक्ष देण्याइतके ते विश्वासू नसतात, एवढंच.

स्पॅमअसॅसिनमध्ये अशा जोडणीसाठी 'मेटा' नियम आहे, आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरची खरी ताकद तिथेच आहे. नियमाच्या नावाआधी दोन अधोरेखा दिल्या की त्या नियमाला स्वतःचे गुण मिळत नाहीत. तो फक्त 'हे आढळलं' एवढी नोंद ठेवतो. अशा दोन-तीन मुक्या नोंदी एकत्र आल्या तरच मेटा नियम गुण देतो. अध्यक्षांच्या नावाने येणारा मेल असा पकडता येतो. 'तुम्ही ऑफिसात आहात का? एक तातडीचं काम आहे, फोन करू नका' एवढाच तो मजकूर असतो. उत्तर दिलं की पुढच्या मेलमध्ये गिफ्ट कार्ड किंवा खाते क्रमांक येतो. फ्रॉमच्या ओळीत दोन भाग असतात, दिसणारं नाव आणि खरा पत्ता, आणि स्पॅमअसॅसिनला दोन्ही सुटे तपासता येतात. पहिली नोंद, दिसणाऱ्या नावात अध्यक्षांचं नाव आहे. दुसरी, पत्ता त्यांच्या माहीत असलेल्या पत्त्यांपैकी नाही. दोन्ही जमल्या की ३ गुण. उत्तर जिथे जाणार तो रिप्लाय-टूचा पत्ता फ्रॉमहून वेगळा असून फुकट मिळणाऱ्या मेलसेवेवरचा असला, तर आणखी दीड. नाव लिहिताना मात्र आळस करू नये. आपल्याकडे एकच आडनाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिलं जातं, कधी आद्याक्षरं पुढे येतात, कधी 'साहेब' किंवा 'अध्यक्ष' एवढंच असतं. शिवाय देवनागरी रूपही हवं. आणि अध्यक्ष सुट्टीत घरच्या जीमेलवरून खरोखर लिहीत असतील, तर तो पत्ता माहीत असलेल्यांच्या यादीत आधीच घालावा. ही यादी कोणतीही कंपनी तुम्हाला तयार करून देऊ शकत नाही.

भामटा याहून पुढे गेला आणि दिसणाऱ्या नावाबरोबर तुमच्याच डोमेनचा पत्ता फ्रॉममध्ये टाकला, तर पत्त्याची तुलना करून काही हाती लागत नाही. मेलच्या मूळ रचनेत फ्रॉमची ओळ कोणालाही हवी तशी लिहिता येते. यावर, मेल खरोखर त्या डोमेनच्या परवानगीने आला आहे का हे पाहणाऱ्या, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्या आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक) मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. नियम लिहिणाऱ्यासाठी त्यांचा उपयोग असा: फ्रॉममध्ये आपलं डोमेन आहे, पण तपासणी नापास, तर गुण वाढवा. इथे दोन सावधगिऱ्या. तपासणीचा निकाल मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक भागात, एका ओळीत लिहिलेला असतो, आणि पाठवणाराही तशी खोटी ओळ आधीच घालून ठेवू शकतो. म्हणून आपल्या सर्व्हरने लिहिलेलीच ओळ ग्राह्य धरावी. दुसरं, एका खात्यातून दुसरीकडे आपोआप पुढे पाठवलेल्या मेलची एसपीएफ बहुधा मोडते आणि गटाच्या मेलिंग लिस्टमधून गेलेल्या मेलची डीकेआयएम मोडू शकते. संचालकांपैकी कोणी अशी सोय वापरत असेल, तर नापास निकालाला एकट्याने पाच गुण देणं म्हणजे त्यांचा मेल बंद करणं.

बँकेच्या नावाने येणाऱ्या मेलसाठी अलीकडे एक चांगलं साधन हाती आलं आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' हे फक्त बँकांसाठीचं डोमेन जाहीर केलं, त्याची नोंदणी आयडीआरबीटी या संस्थेकडे दिली आणि बँकांना तिथे स्थलांतर करण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. त्यामुळे विसंगती नेमकी मांडता येते: मेल बँकेचं नाव सांगतो, केवायसी थकल्याचं म्हणतो, आणि त्यातली लिंक मात्र बँक डॉट इनवर नाही. पण नियम लिहिताना इथे हमखास एक घोडचूक होते. फिल्टरच्या यादीत 'कंटेन्स', म्हणजे 'आहे', ही अट असते आणि सवयीने तीच निवडली जाते. भामट्याने आपल्या डोमेनच्या पुढे 'बँक डॉट इन' हे शब्द उपडोमेन म्हणून लावले की ही अट आनंदाने त्याला पास करते. इंटरनेटच्या पत्त्यात मालक कोण हे उजवीकडून वाचायचं असतं. म्हणून डोमेनचा शेवट तपासला पाहिजे, आणि लिंकमध्ये शेवट म्हणजे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग. सरकारी खात्यांच्या नावाने येणाऱ्या परताव्याच्या मेललाही हाच न्याय, तिथे 'गव्ह डॉट इन' आणि 'निक डॉट इन' हे शेवट पाहावेत. अर्थात बँका जाहिरातीचे मेल इतर कंपन्यांमार्फत पाठवतात आणि त्यांतल्या लिंक त्या कंपन्यांच्या असतात. म्हणून या नियमाला एक-दीड गुणच द्यावेत.

मग ज्यात मजकूरच नाही, नुसतं चित्र, पीडीएफ किंवा क्यूआर कोड आहे, त्याचं काय? तिथेही तर्क तोच. मजकूर लपवण्यासाठी त्याला जी रचना स्वीकारावी लागते, तीच खूण. दोन ओळींहून कमी मजकूर, सोबत पीडीएफ, पाठवणारा तुमच्या पत्त्यांच्या वहीत नाही, आणि 'टू'मध्ये तुमचा पत्ता नाही किंवा कोणाचाच नाही: हे चार एकत्र क्वचितच प्रामाणिक असतात. मात्र झेरॉक्सच्या दुकानातून किंवा ऑफिसच्या स्कॅनरवरून आलेल्या मेलचं रूप जवळपास असंच असतं. ते पत्ते आधी वगळावेत.

या सगळ्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप नवा नाही. प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहॅम यांनी ऑगस्ट २००२ मध्ये 'ए प्लॅन फॉर स्पॅम' हा निबंध लिहिला. एकेक लक्षण पकडणारं सॉफ्टवेअर लिहिण्यात आपले सुमारे सहा महिने गेले आणि मग शब्दांच्या संभाव्यतेवर चालणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने ते काम अधिक चांगलं केलं, असं त्यांनी त्यात मांडलं. नुसता 'क्लिक' हा शब्द शोधला तरी त्यांच्याकडचं ७९.७ टक्के स्पॅम पकडलं जाई. दमवणारे होते ते उरलेले थोडे टक्के. मग आज, यंत्रं याहून कितीतरी हुशार झाल्यावर, हाताने नियम का लिहायचे? उत्तर त्या पद्धतीच्याच अटीत आहे. सांख्यिकी फिल्टरला शिकायला नमुने लागतात. स्पॅमअसॅसिनमधला असा सांख्यिकी, म्हणजे बेजियन, भाग मूळ मांडणीत किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय मत देतच नाही. मोठ्या प्रमाणावर येणाऱ्या स्पॅमसाठी ते ठीक. पण अध्यक्षांच्या नावाचा मेल वर्षातून दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा आला तेव्हा पैसे गेलेले असू शकतात. शिवाय त्याचे शब्द रोजच्या कार्यालयीन मेलचेच असल्याने शब्द मोजणाऱ्या यंत्राला तो साळसूद वाटतो. ग्रॅहॅम यांचा निष्कर्ष खोटा नाही, तो नेहमीच्या, भरपूर येणाऱ्या स्पॅमबद्दल आहे. दुर्मीळ मेलसाठी हाताचा नियम हवा, बाकीच्यासाठी यंत्राला शिकवत राहावं. दोन्ही एकाच बेरजेत बसतात, म्हणून तर गुणांची पद्धत चांगली.

दुसरा आक्षेप असा की एवढा विचार कशाला, संशय आला की मेल सरळ नष्ट करावा. सी-पॅनेलच्या फिल्टरमध्ये 'डिस्कार्ड' हा पर्याय त्यासाठीच दिसतो. पण तो निवडण्याआधी कायदा वाचलेला बरा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ प्रमाणे, तुम्ही कळवलेल्या संगणक-साधनात इलेक्ट्रॉनिक संदेश शिरला की तो तुम्हाला मिळाला असं साधारणपणे धरलं जातं. तो तुम्ही उघडला की नाही हा प्रश्न वेगळा. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १६९ मध्ये नोंदणीवेळी दिलेल्या ईमेलवर नोटीस पाठवणं ही बजावणीची एक रीत मानली आहे. म्हणजे नोटीस तुमच्या नियमाने गिळली तरी मुदत चालूच राहते, आणि 'आमच्या फिल्टरने उडवली' हा बचाव करताना तुम्हीच अडचणीत येता. म्हणून स्वतः लिहिलेल्या नियमाने मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावा आणि तो फोल्डर कोणीतरी रोज बघावा. 'फेल विथ मेसेज', म्हणजे पाठवणाऱ्याला नकार कळवणं, हेही टाळावं. फ्रॉम खोटा असेल तर तो नकार तिसऱ्याच निरपराध माणसाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतो. याच कारणाने उलट बाजूची ढिलाईही वाईट. एखाद्या पत्त्याला डोळे झाकून 'कधीच स्पॅममध्ये टाकू नका' असा परवाना दिला की त्या पत्त्याचं सोंग घेणाऱ्यालाही तो मिळतो. स्पॅमअसॅसिनमध्ये तपासणी पास झाली तरच सवलत देणारी यादी आहे, ती वापरावी.

कुठे काय करता येतं, हे आधी जाणून घेतलं तर पुष्कळ वेळ वाचतो. जीमेलच्या फिल्टरला रेग्युलर एक्स्प्रेशन कळत नाही, शब्दाचा मधला तुकडा शोधता येत नाही आणि मनाला येईल त्या हेडरवर अट घालता येत नाही. 'स्पॅममध्ये टाक' अशी कृतीही त्यात नाही, नकोशा मेलसाठी कामाच्या कृती म्हणजे लेबल लावणं, इनबॉक्स चुकवणं किंवा काढून टाकणं. म्हणून तिथे 'तपासा' असं लेबल लावणं हाच शहाणपणाचा उपयोग. सी-पॅनेलचा साधा फिल्टर हेडर चांगले वाचतो, पण मजकूर उलगडून पाहत नाही. बेस-६४ मधला मराठी मजकूर त्याला नुसती अक्षरांची रास दिसते. तिथे मजकुरावर नियम लिहू नये. भाड्याच्या सर्व्हरवर स्पॅमअसॅसिनचे नवे नियम ग्राहकाला सहसा लिहू देत नाहीत, ते सर्व्हर सांभाळणाऱ्याने मुख्य फाइलमध्ये घालावे लागतात. तोवर एक तडजोड आहे: सी-पॅनेलच्या 'स्पॅम बार'मध्ये प्रत्येक गुणामागे एक अधिक चिन्ह येतं. 'तीन अधिक चिन्हं आहेत' आणि 'फ्रॉममध्ये अध्यक्षांचं नाव आहे' या दोन अटी 'अँड'ने जोडल्या, तर मेटा नियमाचं निम्मं काम होतं.

सर्व्हर हाती असलेल्यांनी नियम लिहिल्यावर 'लिंट' चालवून व्याकरण तपासावं, कारण चुकलेला नियम आवाज न करता बाजूला पडतो, आणि मेल सेवा पुन्हा सुरू करावी, नाहीतर जुनेच नियम चालू राहतात. नियमाच्या नावाची सुरुवात 'टी' आणि अधोरेखेने केली तर वेगळे गुण न ठरवल्यास त्याला केवळ ०.०१ गुण मिळतो; म्हणजे तो कशाकशाला लागतो ते हेडरमध्ये दिसतं, पण कोणाचं नुकसान होत नाही. अशा अवस्थेत निदान महिनाअखेर आणि आर्थिक वर्षअखेरीचं टपाल त्याखालून जाऊ द्यावं, कारण तेव्हाच विचित्र दिसणारे पण खरे मेल सर्वांत जास्त येतात. त्यानंतरच खरे गुण द्यावेत. प्रत्येक नियमाशेजारी तारीख, कोणत्या मेलमुळे लिहिला आणि कोणी लिहिला ही टीप हवी. वर्षभर ज्याने काहीच पकडलं नाही तो काढून टाकावा, मग तो लिहायला कितीही डोकं लागलेलं असो.

आणि हे सगळं करायला वेळ मिळेल तेव्हा मिळेल. आज मात्र फिल्टरची यादी उघडा, त्यातले कोणते नियम मेल नष्ट करतात ते शोधा आणि ते फोल्डरकडे वळवा.